सनदेचं वय

भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, १९९३ साली एक नियम केला होता. वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला वकिलीची सनद द्यायची नाही. त्याच्याकडे पदवी आहे का, तो अभ्यासात कसा होता, आयुष्यभर त्याने काय केलं, यातलं काहीही पाहायचं नाही. त्यामागचं कारण परिषदेने न्यायालयापुढे मांडलं, तेव्हा त्यात आडपडदा नव्हता. सरकारी-निमसरकारी नोकऱ्यांतून निवृत्त झालेले लोक सनद घेतात, जुन्या ओळखी वापरून कामं मिळवतात, त्यातून व्यवसायाची अब्रू जाते आणि नव्याने आलेल्या तरुण वकिलांची मनंही बिघडतात, असं तिचं म्हणणं होतं.

१९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. इंडियन कौन्सिल ऑफ लीगल एड अँड ॲडव्हाइस विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडिया या नावाने तो निकाल ओळखला जातो. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये सनदेसाठी किमान वय एकवीस लिहिलेलं आहे, कमाल वय कुठेही लिहिलेलं नाही. संसदेने जे दार उघडं ठेवलं, ते परिषदेला नियम करून बंद करता येणार नाही, हा निकालाचा एक भाग. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचविशीत सनद घेऊन ठेवलेला, मग वीस-पंचवीस वर्षं नोकरीत रमलेला आणि पन्नाशीत पुन्हा काळा कोट चढवणारा माणूस या नियमाला चालत होता. त्याच वयात पहिल्यांदा येणारा मात्र चालत नव्हता. दोघांच्याही ओळखीपाळखी सारख्याच जुन्या. मग फरक कशासाठी करायचा? समानतेच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. निवृत्त माणसांमुळे तरुणांची मनं बिघडतात या म्हणण्यालाही न्यायालयाला आधार दिसला नाही.

उशिरा वकिलीकडे वळणाऱ्यांच्या बाबतीत आपल्याकडे झालेली ही पहिली मोठी लढाई. दुसरी झाली प्रवेशाच्या दारात. २००८ च्या कायदेशिक्षणाच्या नियमांत परिषदेने वयाची अट घातली. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस वर्षं, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षं. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी अनुक्रमे बावीस आणि पस्तीस. २०१३ मध्ये परिषदेने ती अट मागे घेतली. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकाने ती परत आली. ३ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. त्या खंडपीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. या उलटसुलट हुकमांच्या काळात तिशी ओलांडलेला माणूस एका वर्षी पात्र, पुढच्या वर्षी अपात्र आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पात्र ठरत होता. २०२० मध्ये तर उत्तर प्रदेशातल्या सत्याहत्तर वर्षांच्या एका बाईंनी, मला कायदा शिकायचा आहे आणि ही अट माझ्या आड येते, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पतीच्या निधनानंतर मालमत्तेची कागदपत्रं एकटीने हाताळताना कायदा कळण्याची गरज त्यांना जाणवली होती.

आज महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही. दर वर्षीच्या यादीत चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेली नावं असतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, पोलीस खात्यातून बाहेर पडलेले, महसूल खात्यातले अव्वल कारकून, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळलेले, मुलं परगावी गेल्यावर घरात एकट्या उरलेल्या गृहिणी. सर्वांची कारणं एक नसतात. पण या लोकांशी बोलत गेलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. बहुतेकांच्या या निर्णयामागे एखादा कागद असतो. तो त्यांना एकदा वाचता आला नव्हता, किंवा वाचता येत असूनही त्याचा अर्थ लावायला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं होतं.

मुंबई-पुण्यात तो कागद बऱ्याचदा सोसायटीचा असतो. इमारत उभी राहून तीस वर्षं झाली तरी बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केलेली नसते. पुनर्विकासाचा विषय निघाला की ती जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. मग मोफा कायद्याखाली डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून फायली घेऊन हेलपाटे घालणारा माणूस त्या दोन-तीन वर्षांत अर्धा वकील झालेला असतो. उरलेला अर्धा तो कॉलेजात जाऊन पुरा करतो.

गावाकडे तो कागद सातबाराचा असतो. फेरफाराला कुणी हरकत घेतली, महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप अडकलं, जमीन कुळकायद्यातली निघाली आणि त्याच्या कलम ४३ ची, परवानगीशिवाय विकायची नाही ही शर्त पुढे आली, असं काही. यात महसूल खात्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा मान मोठा. मंडळ अधिकारी म्हणून ज्याने हजारो नोंदी प्रमाणित केल्या, त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ शिकवायला येणारे प्राध्यापक कधीकधी वयाने त्याच्या मुलाएवढे असतात. कुळकायद्याचा ‘कृषक दिन’, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं ती १ एप्रिल १९५७ ही तारीख, तरुण विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. या माणसाने त्या तारखेवरून भावाभावांत पडलेली फूट पाहिलेली असते. ती तारीख जमिनीवर काय करते हे त्याला विचारावं, तो तासभर सांगेल.

बायकांच्या बाबतीत तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या राज्यातल्या एका अख्ख्या पिढीशी कायदा दोनदा वेगळं बोलला. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायक, म्हणजे जन्मापासूनच्या वाटेकरी, केलं ते २२ जून १९९४ पासून. केंद्राच्या अकरा वर्षं आधी. चांगलं पाऊल होतं. पण त्यात एक अट होती. त्या तारखेआधी जिचं लग्न झालेलं होतं, तिला हा हक्क नव्हता. म्हणजे एका घरात दोन बहिणी. थोरलीचं लग्न १९९२ ला, धाकटीचं १९९६ ला. धाकटी सहदायक, थोरली नाही. पुढे ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाचा हा भेद गेला. तरी त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते की नाही, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं मतभेद राहिले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेली वाटपं कायम राहतील.

आता त्या थोरल्या बहिणीचा विचार करा. मधल्या काळात कधीतरी भाऊ म्हणाला, ताई, नुसती एक सही हवी आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिने अंगठा दिला, फोटो काढला, सही केली. माहेर तुटू नये म्हणून केली. पुढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचून तिला कळतं, की हक्क होता आणि तो आपणच सोडून दिला. नोंदणीकृत हक्कसोडपत्र सहजासहजी उलटत नाही. फसवणूक झाली असेल, तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि फसवणूक शाबीत करणं सोपं नसतं. पन्नाशीत लॉ कॉलेजच्या बाकावर येऊन बसणाऱ्या कितीतरी जणी याच प्रश्नाच्या शोधात येतात. आपला दावा लावायला म्हणून त्या येतात असं नाही. बऱ्याच जणींनी भावाला मनातून कधीच माफ केलेलं असतं. पण नेमकं काय घडलं हे समजून घ्यायचं असतं, आणि आपल्या मुलीने अशी सही करू नये एवढं बघायचं असतं. याहून मोठं कारण शिक्षणाला काय लागतं?

बाईने कायदा शिकायचा आणि मग वाट पाहायची, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. पदवी हाती आली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, पडद्यातल्या विधवांच्या आणि अज्ञान मुलांच्या मिळकतींसाठी त्यांनी वर्षानुवर्षं सल्ला दिला. पण न्यायालयात उभं राहण्याचा पूर्ण हक्क कायदा बदलल्यावर, १९२३ नंतर मिळाला. तेव्हा त्यांनी छप्पन्न वर्षं पार केली होती.

आजच्या विद्यार्थिनीपुढे पहिली अडचण कागदांची असते. पदवी १९८९ ची, नाव माहेरचं. आधारवर नाव सासरचं. मग लग्नाचा दाखला नाहीतर राजपत्रातली नावबदलाची नोंद. शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या पेटीत आहे याचा शोध. मधल्या पस्तीस वर्षांत आपण कुठे शिकत नव्हतो हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, त्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. सीईटी संगणकावर, दोन तासांची, बहुपर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे समजल्यावर बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो. पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात.

यातली एक अट मला फार खुपते. बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पदवी थेट घेतलेल्यांना परिषदेचे नियम एलएल.बी.ला अपात्र ठरवतात. बारावी करून मग दूरशिक्षणाने पदवी घेतली असेल तर चालतं. नियमामागची काळजी मी समजू शकतो. पण नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं तेच ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी. ज्या मुलीला दहावीनंतर घरी बसवलं, जिने लग्नानंतर पूर्वतयारी परीक्षा देऊन, स्वयंपाकघरात अभ्यास करून बी.ए. मिळवली, तिला कायद्याच्या दारात सांगायचं की तुझी पदवी खरी पण तुझी बारावी नाही. पदवी खरी मानायची असेल तर पुरती मानावी.

वर्गात शिरल्यावर काय होतं, ते बाहेरच्यांना वाटतं त्याहून वेगळं आहे. बाहेरच्यांची कल्पना अशी, की या वयात पाठ होत नाही आणि म्हणून त्रास होतो. पाठांतराचा त्रास थोडा होतो, नाही असं नाही. दोन-अडीच तास सलग लिहायची सवय मोडलेली असते, हात भरून येतो. पण खरा झगडा वेगळा. अनुभव असलेल्या माणसाला कायदा नव्याने शिकण्यासाठी आधीचं बरंच खाली ठेवावं लागतं. पेपरात एक प्रसंग दिलेला असतो. अ ने ब ला जमीन विकायचं कबूल केलं, विसार घेतला, मग क ला विकली. ब ला काय करता येईल? तरुण विद्यार्थी कलम शोधतो. वर्गातले साठीचे काका लिहितात, अशा वेळी चार जाणत्या माणसांनी बसून मिटवावं. किंवा, आमच्या ऑफिसात असं प्रकरण आलं होतं तेव्हा साहेबांनी असं केलं. सल्ला शहाणपणाचा असतो, पण गुण मिळत नाहीत. कारण तिथे विचारलेलं असतं, करार कधी पूर्ण झाला, क ला आधीच्या कराराची माहिती होती का, करारपूर्तीचा दावा कोणत्या कायद्याखाली आणि किती मुदतीत. ‘असंच करतात’ हे तीस वर्षं ज्याच्या रक्तात भिनलं, त्याला ‘असं का करायचं’ हा प्रश्न नव्याने विचारायला शिकावं लागतं. पहिल्या सत्रात एटीकेटी लागते ती बहुतेकदा इथे. आणि हा प्रश्न एकदा विचारता आला, की तोच माणूस वर्गाच्या पुढे निघून जातो. कारण आता त्याच्याजवळ कलमही असतं आणि ते कलम जिथे लागतं ती माणसंही.

फौजदारी कायद्याने त्यांची वेगळीच परीक्षा घेतली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंडविधानाची ५११ कलमं जाऊन ३५८ आली. ज्यांनी उभं आयुष्य ‘तीनशे दोन’ म्हणजे खून आणि ‘चारशे वीस’ म्हणजे फसवणूक असं ऐकलं, त्यांनी आता खून १०३ मध्ये आणि फसवणूक ३१८ मध्ये शोधायची. पोलीस खात्यातून आलेल्यांना हे सर्वांत जड गेलं. पण १ जुलैआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं आणि ते खटले अजून कित्येक वर्षं चालणार आहेत. दोन्ही संहिता येणारा माणूस न्यायालयाला लागणारच आहे. ज्याचं जुनं पाठ आहे त्याने फक्त नवं करायचं, तरुणाला मात्र दोन्ही.

भाषेची भीती बहुतेकांना असते आणि ती पुरती खोटी नसते. अनेक विद्यापीठांत उत्तरं मराठीत लिहिता येतात. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरवलेली आहे. पण निकाल वाचायचे ते उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे, आणि ते इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या साठीच्या विद्यार्थ्याने चाळीस पानांचा निकाल पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचायचा, हे कष्ट वर्गातल्या विशीच्या मुलांना दिसतात. म्हणून वर्गात फार लवकर एक देवघेव सुरू होते. मुलं नोट्सचा पीडीएफ पाठवतात, न्यायनिवाडे ऑनलाइन कसे शोधायचे ते दाखवतात, मूट कोर्टासाठी इंग्रजी निवेदन तपासून देतात. काका-काकू त्यांना दस्त वाचायला शिकवतात. सातबाराचा इतर हक्काचा रकाना, फेरफाराचा नंबर, स्टॅम्प पेपर कोणाच्या नावाने घेतला आहे, पंचनाम्यावर पंचांच्या सह्या कुठे आहेत. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे इतकं नीट सापडत नाही. प्राध्यापक हजेरी घेताना वयाने मोठ्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतात. मुलं मात्र पहिल्या आठवड्यातच ‘काका’, ‘काकू’वर येतात, आणि ते बरं असतं.

पदवीनंतरची वाट या लोकांनी आधी समजून घेतलेली बरी, कारण तिथे स्वप्नं मोडतात. न्यायाधीश होण्याचा विचार असेल तर कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला वयाची मर्यादा आहे, आणि मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अटही परत आणली आहे. नोटरी व्हायचं तर साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते, स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना सात. नोकरी चालू ठेवून सनद मिळत नाही. दुसरा व्यवसाय चालू ठेवूनही नाही. मुंबईतल्या एका शल्यविशारदाने १९९१ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरकी न सोडता सनद मागितली. डॉ. हनिराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. वकिली पूर्ण वेळ मागते, ऑपरेशनच्या टेबलावरचा रुग्ण आणि न्यायालयातला पक्षकार एकाच वेळी दोघेही त्याच माणसाची वाट पाहू शकतात, असा त्या निकालाचा रोख. मला तो योग्य वाटतो. पक्षकाराला अर्धा वकील देऊन चालणार नाही.

म्हणून शहाणे लोक हिशेब निवृत्तीपासून उलटा मांडतात. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. पंचावन्नाव्या वर्षी एलएल.बी.ला प्रवेश, अठ्ठावन्नाला पदवी, निवृत्तीनंतर सनद. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सनदेचा खर्च खूप उतरला. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. त्याआधी राज्याराज्यांत पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत पैसे घेतले जात होते. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, बेअर ॲक्ट जवळ ठेवायची मुभा, मराठीचा पर्याय.

मग ज्युनिअरशिप. पस्तीस वर्षांच्या सिनिअरच्या हाताखाली साठीचा ज्युनिअर. सिनिअर म्हणतो, ‘काका, तेवढा रोजनामा बघून येता का?’ आणि काका, जे कालपर्यंत चाळीस माणसांचं कार्यालय चालवत होते, फाइल घेऊन जिने उतरतात. शिरस्तेदाराकडे उभं राहणं, नकलेचा अर्ज, बेलीफाच्या मागे समन्स बजावून घेणं, पुरसिस टाइप करून आणणं. ज्याला हे कमीपणाचं वाटतं तो सहा महिन्यांत गळतो. ज्याला वाटत नाही तो तिथे खरा वकील होतो. ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, पण ती शिफारसच. पेन्शन असलेल्याला या बाबतीत मोकळीक असते. तो पैशाकडे न बघता काम निवडू शकतो.

ही मोकळीक कुठे लागते? तालुक्याला लागते. फेरफाराच्या हरकतीवर तहसील कचेरीत सुनावणी असते तेव्हा शेतकरी बहुतेकदा एकटा उभा असतो. हुकूम विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करायचं असतं हे त्याला कोणी सांगत नाही. सांगतात तेव्हा साठ दिवस उलटलेले असतात. ज्या माणसाने त्याच कचेरीत टेबलापलीकडे बसून असे हुकूम लिहिले, तो आता टेबलाच्या अलीकडे, त्या शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहिला तर काय होईल? १९९३ च्या नियमाला याच ओळखीपाळखीची भीती होती. ओळखीचा गैरवापर करणारे लोक असतात, आणि त्यांच्यासाठी शिस्तभंगाच्या समित्या आहेत. पण कचेरी आतून कशी चालते याचं ज्ञान बहुतेक वेळा ज्याला लागतं, त्याच्याकडे ते पोचतच नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, लोक अदालतीत, मध्यस्थीच्या कामात, ग्राहक आयोगात अशी माणसं हवी आहेत.

आणि तरीही त्यांच्या वाटेत आजही मोठा अडसर आहे, तो घड्याळाचा. वयाची अट न्यायालयांनी दूर केली, वेळापत्रक जागेवर राहिलं. २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्णवेळ, सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यान, सत्राला किमान पंधरा आठवडे, आठवड्याला किमान तीस तास, हजेरी सत्तर टक्के. सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने बायोमेट्रिक हजेरी, वर्गात कॅमेरे आणि विद्यार्थी नोकरीत आहे का याचं घोषणापत्र असं सगळं मागितलं. नोकरी करणाऱ्याने मालकाचं ना-हरकत पत्र आणायचं. वर्गात न येता पदवी घेणाऱ्यांची मोठी समस्या आपल्याकडे आहे, हे मान्यच करायला हवं. कागदोपत्री हजेरी लावून देणाऱ्या महाविद्यालयांनी कायदेशिक्षणाचं फार नुकसान केलं आहे. पण पंचावन्नाव्या वर्षी प्रवेशाचा हिशेब मांडणारा, अजून नोकरीत असलेला प्रामाणिक माणूस या चौकटीत कुठे बसतो? त्याला तीनच वाटा उरतात. नोकरी सोडायची, खोटी हजेरी लावायची, किंवा निवृत्त होईपर्यंत थांबायचं. कायद्याच्या विद्यार्थ्याची सुरुवात खोट्या सहीने व्हावी, अशी रचना आपण का टिकवून ठेवली आहे?

आपल्याकडे याचं उत्तर एकदा देऊन झालेलं आहे. परळच्या चाळीत वाढलेल्या, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेनांची मदत घेतली, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. मध्येच सुटलेलं शिक्षण पुन्हा धरायला काय लागतं हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, ते सकाळच्या वर्गांचं. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावं म्हणून. त्याच संस्थेचं फोर्टमधलं सिद्धार्थ लॉ कॉलेज १९५६ चं. मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या किती कारकुनांनी, कामगारांनी सकाळ-संध्याकाळच्या वर्गांतून कायद्याची पदवी घेतली, याच्या आठवणी या शहरातल्या घराघरात आहेत. जगातही हे चालतं. लंडनचं बर्कबेक कॉलेज १८२३ पासून काम करणाऱ्यांना संध्याकाळी शिकवतं आहे. अमेरिकेत जॉर्जटाउनसारख्या नामांकित विद्यापीठात कायद्याचा संध्याकाळचा अभ्यासक्रम आहे. तिथे तीन वर्षांचं शिक्षण चार वर्षांवर पसरलेलं असतं.

आपल्या नियमातलेच आकडे घेऊ. आठवड्याला तीस तास, पंधरा आठवडे, सहा सत्रं. म्हणजे २,७०० तास. यातला एकही तास कमी करू नका. संध्याकाळी सहा ते नऊ, सोमवार ते शुक्रवार, आठवड्याला पंधरा तास. वर्षाला छत्तीस आठवडे धरले तर ५४० तास. २,७०० तास बरोबर पाच वर्षांत पुरे होतात. हजेरी बायोमेट्रिक घ्या, कॅमेरे लावा, इंटर्नशिपचे बारा आठवडे रजा काढून करायला लावा, मूट कोर्ट रविवारी ठेवा. पंचावन्नऐवजी त्रेपन्नाव्या वर्षी सुरू करणारा माणूस निवृत्तीच्या महिन्यात पदवीधर होईल, आणि तोपर्यंत त्याने एकही खोटी सही केलेली नसेल. यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. वर्गांच्या वेळेचा नियम परिषदेने केलेला आहे, तो बदलण्याचा अधिकारही तिचाच आहे.